शैवल-स्पर्धा, गोड्या पाण्यातील

तळी, तलाव व संथ नद्या यांच्या सूर्यप्रकाश पोहोचणाऱ्या थरात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवलांमध्ये फॉस्फरस, नायट्रोजन, सिलिका अशा मोजक्या पोषकद्रव्यांसाठी अखंड चालणारी चढाओढ. या द्रव्यांची आवक कधीच एकसारखी नसते. पावसाच्या लोंढ्याबरोबर, वाऱ्याने तळाचे पाणी ढवळून वर आले म्हणजे, किंवा प्राणिप्लवकांच्या उत्सर्गातून ती खेपेखेपेने होते, आणि शैवलांच्या वैविध्याचे एक मोठे कारण या अनियमितपणातच आहे.

एकाच द्रव्याची टंचाई असता, जी जाती त्याच्या अत्यल्प सांद्रतेवरही तग धरते तीच अखेरीस उरावी, असे शास्त्र सांगते. प्रत्यक्षात एकाच तळ्यात अनेक जाती सुखेनैव नांदताना दिसतात. या विसंगतीकडे जी. ई. हचिन्सन यांनी १९६१ साली लक्ष वेधले आणि स्पर्धेचा निकाल लागण्यापूर्वीच परिस्थिती पालटत असावी, असा तर्क मांडला. पुढे डेव्हिड टिल्मन यांनी १९७६ मध्ये अ‍ॅस्टेरिओनेला व सायक्लोटेला हे दोन डायाटम एकत्र वाढवून दाखविले की, फॉस्फेटची वाण असता पहिला, सिलिकेटची असता दुसरा वरचढ ठरतो, आणि प्रत्येकाला वेगळ्या द्रव्याची तूट भासेल अशा प्रमाणात दोघेही टिकतात. या प्रयोगाने तोवर ढोबळ असलेल्या कल्पनेला मोजमापाचा आधार दिला, हे त्याचे खरे मोल होय.

तथापि शैवलाची वाढ केवळ भोवतालच्या पाण्यावर अवलंबून नसते. एम. आर. ड्रूप यांनी १९६८ मध्ये एका सागरी शैवलाला बी-१२ जीवनसत्त्व बेताने पुरवून सिद्ध केले की, वाढीचा वेग पेशीतील शिलकीवर ठरतो. गोड्या पाण्यातील फॉस्फरसलाही हाच हिशेब लागू पडतो. फॉस्फेटची खेप येताच पेशी तात्कालिक गरजेहून कितीतरी अधिक द्रव्य शोषून पॉलिफॉस्फेटच्या कणांच्या रूपाने साठविते, आणि पाणी पुन्हा रिते झाल्यावर त्याच बेगमीवर वारंवार विभागते. दर विभाजनाला साठा दोन कन्यापेशींत वाटला जाऊन निम्मा होतो व किमान मर्यादेवर आला की वाढ थांबते. सिलिकेच्या बाबतीत डायाटमला अशी मोठी तजवीज करता येत नाही. नव्या कवचाला ती न मिळाल्यास विभाजनच अडते, म्हणूनच इंग्लंडमधील विंडरमिअर सरोवरात अ‍ॅस्टेरिओनेलाचा वसंतातील बहर सिलिका लिटरला सुमारे अर्ध्या मिलिग्रॅमवर उतरली की ओसरतो.

उलरिक झोमर यांनी १९८४ मध्ये प्रवाही संवर्धनांत फॉस्फरस ठरावीक अंतराने दिला, तेव्हा अखंड पुरवठ्याच्या मानाने अधिक जाती टिकून राहिल्या. कारण झपाट्याने वाढणाऱ्या, साठा करणाऱ्या आणि अल्पसंतुष्ट अशा तिन्ही प्रकारच्या शैवलांना आपापली संधी साधता आली.