हिवाळ्यातील गाव : पालिकेचे काम आणि आपले काम

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी गावच्या इतिहासावर चार ओळी लिहून द्याव्यात, असा मंडळातील भगिनींचा आग्रह झाला. गावचा इतिहास म्हटला की राजे, जहागीरदार आणि लढाया एवढेच बहुधा डोळ्यांपुढे येते. मला मात्र या वेळी एका ऋतूचा इतिहास सांगावासा वाटतो. हिवाळ्यात माणसांची सोय कोणी पाहावयाची, राज्यकर्त्याने, पालिकेने की घराघराने, हा प्रश्न आपल्या गावाला नवा नाही. त्याची उत्तरे वेळोवेळी कशी मिळत गेली ते पाहिले, तर आज आपल्या वाट्याला काय आले आहे हे आपोआप कळते.

आपल्याकडची थंडी म्हणजे काही हिमालयातली थंडी नव्हे. तरीही सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला तिची थट्टा करता येत नाही. डाब, तोरणमाळच्या बाजूला दव गोठून पांढरे झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. दिवाळी सरली की आकाश निरभ्र होते, हवा कोरडी होते आणि दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवते. डोंगरावरची गार हवा जड असल्यामुळे उतारावरून खाली येते आणि सखल भागात साचून राहते. म्हणूनच पहाटेचा गारठा आपल्याला इतका झोंबतो. आणि म्हणूनच चुलीचा, बंबाचा, शेकोटीचा धूर वर न जाता गल्लीतच तरंगत राहतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी; तिचे काम पुढे पडणार आहे.

हिवाळ्याच्या सोयीची सर्वांत जुनी व विश्वसनीय हकीकत मला सापडते ती आपल्या गावाशी नाते असलेल्या घराण्यात. सुभेदार मल्हारराव होळकर यांचे वडील ते लहान असतानाच वारले आणि आईने त्यांना तळोद्यास आपले बंधू भोजराज बारगळ यांच्या घरी आणले, हे आपण सर्वजणी जाणतोच. पुढे भोजराजांची कन्या गौतमाबाई त्यांना दिली. ही आपल्या गावची लेक म्हणजे अहिल्यादेवींच्या सासूबाई. अहिल्यादेवी १७९५ साली निवर्तल्या. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने माळव्यातील लोकांकडून त्यांच्याविषयी माहिती गोळा केली आणि १८२३ साली आपल्या ग्रंथात छापली. तीत असे आहे की, उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी पाजण्यासाठी बाई रस्तोरस्ती माणसे उभी करीत आणि थंडीला आरंभ होताच आश्रितांना व दुबळ्या माणसांना कपडे वाटीत. त्यांनी बांधलेले घाट व धर्मशाळा प्रसिद्धच आहेत. पण मला या कपड्यांचे अधिक कौतुक वाटते. थंडी संपत आल्यावर वाटलेली घोंगडी काय कामाची? त्या आरंभीच वाटीत. घर चालविणाऱ्या बाईची ही दृष्टी आहे. पापड-कुरडया उन्हातच घालावयाच्या असतात, हे जिला कळते तिलाच हे सुचते.

परंतु दात्याच्या सोयीला एक मर्यादा असते. दाता गेला की सोय संपते. गावाला कायमची व्यवस्था हवी असते. तळोद्यास नगरपालिका स्थापन झाली ती १८६७ साली. त्या काळी आपले गाव खानदेशातील इमारती लाकडाची मोठी पेठ होते. इथे बनणाऱ्या बैलगाड्या साऱ्या खानदेशात उत्तम समजल्या जात आणि रोशा गवताच्या तेलाचाही व्यापार चाले. १९०१ च्या शिरगणतीत गावची वस्ती सुमारे साडेसहा हजार भरली. एवढ्याशा गावाला दिवाबत्ती आणि झाडलोट यांसाठी स्वतःची पालिका होती, ही काही लहान गोष्ट नव्हे.

हिवाळ्यातील ऊब मात्र पालिकेने कधीच पुरविली नाही. ती डोंगरातून आली. माझ्या लहानपणी पहाटे अंगणात तांब्याचा बंब पेटे आणि त्यात घालावयाचे लाकूड डोक्यावरच्या मोळीतून येई. मोळी आणणाऱ्या भिल्ल व पावरा बाया अंधारात घर सोडून कैक मैल चालत येत, आणि आपण त्यांच्याशी दोन-चार आण्यांसाठी घासाघीस करीत असू. त्यांच्या अंगावर पुरते पांघरूण असे काय, याची चौकशी त्या घासाघिशीत कधी झाल्याचे मला स्मरत नाही. गाव ऊब घेत राहिला आणि ऊब आणणारी थंडीत राहिली. हिवाळ्याचा हिशेब मांडताना ही बाजू कोरी ठेवता येणार नाही.

पालिका आणि रहिवासी यांची खरी कसोटी लागली ती प्लेगाच्या हिवाळ्यांत. १८९६ साली मुंबईस प्लेग उद्भवला आणि पुढील वर्षांत तो गावोगाव पसरला. खानदेशही त्यातून सुटला नाही. दख्खनमध्ये ही साथ बहुधा थंडीच्या दिवसांत जोर धरी आणि उन्हाळा तापला की ओसरे. याचे कारण पुढे संशोधनाने कळले. रोग उंदरांच्या पिसवांमधून पसरत होता आणि कडक, कोरड्या उन्हाळ्यात पिसवा फार दिवस जगत नाहीत. घरात उंदीर मरून पडू लागले की माणसे घर सोडून शेतात झोपड्या घालीत. ऐन थंडीत लेकरेबाळे, बाळंतिणी, म्हातारीकोतारी कुडाच्या आडोशाने राहत. आज आपल्याला त्याची कल्पनाही करवत नाही.

त्या साथीत पुण्यास दोन गोष्टी घडल्या, त्या शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. १८९७ च्या साथरोग कायद्याच्या जोरावर सरकारने घरझडतीला गोरे शिपाई पाठविले. ते देवघरापर्यंत शिरले, बायकांची विटंबना झाली. परिणाम उलटाच झाला. लोक आजारी माणसे लपवू लागले आणि प्रकरण प्लेग अधिकारी रँड याच्या खुनापर्यंत गेले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आपले पुत्र डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करीत होत्या. रुग्ण आणता आणता त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. लोकांना विश्वासात न घेता केलेली सेवा जुलूम होते आणि शेजाऱ्याने केलेली सेवा लोक आपली मानतात, हा धडा पालिकेनेही घ्यावा आणि आपणही.

स्वातंत्र्यानंतर आपल्या राज्यात १९६५ साली नगरपरिषदांचा कायदा झाला. रस्त्यांवर दिवे लावणे, रस्ते व गटारे स्वच्छ ठेवणे, आग विझविणे, साथीच्या वेळी रुग्णांची व्यवस्था पाहणे ही पालिकेची कर्तव्ये त्यात सांगितली आहेत. हिवाळ्यात दिवस लहान असतो. पहाटे शिकवणीला निघालेली मुलगी आणि संध्याकाळी बाजार आटोपून परतणारी बाई यांना दिव्याचे मोल इतर कोणाहून अधिक कळते. २०११ पासून नगरपालिकांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तेव्हा 'पालिकेतील लोक ऐकत नाहीत' असे म्हणताना त्या लोकांत निम्म्या आपल्याच भगिनी आहेत, हे विसरता कामा नये. बंद पडलेल्या दिव्याचा अर्ज मंडळाने एकत्र सह्या करून द्यावा. एकेकटीच्या तक्रारीपेक्षा त्याला वजन येते.

आता आपल्या कामाकडे वळू. बर्फ पडणाऱ्या देशांत याविषयी स्पष्ट नियम असतात. न्यूयॉर्कसारख्या अफाट शहरात मुख्य रस्त्यावरचा बर्फ नगरपालिका काढते, परंतु घरासमोरच्या पायवाटेवरचा बर्फ घरमालकानेच काढावयाचा असतो. बर्फ दिवसा थांबला तर चार तासांच्या आत. नाही काढला तर दंड होतो. आपल्याला याचे नवल वाटावयास नको. पहाटे उठून दारापुढची जागा झाडणे, सडा टाकणे आणि रांगोळीची चार बोटे ओढणे हा नियम आपल्या आजी-पणजीने कोणत्याही दंडाशिवाय पाळला. फरक इतकाच की आपला सडा पायरीपाशी थांबला आणि पलीकडचा रस्ता सरकारचा झाला. गाडगेबाबा गावात आले की कीर्तनाआधी हाती खराटा घेत, तो ही पायरी ओलांडण्यासाठीच. २० डिसेंबर १९५६ रोजी ऐन हिवाळ्यात ते गेले. त्यांच्या नावाने राज्यात स्वच्छता अभियान चालले, पण खराटा अद्यापि दुसऱ्याच्याच हातात आहे.

दारापुढचा पालापाचोळा आणि त्यात प्लास्टिकच्या पिशव्या, जुने टायर असे सारे एकत्र करून शेकोटी पेटविण्याची नवी रीत पडली आहे. उघड्यावर कचरा जाळण्यास २०१६ च्या नियमांनी मनाई केली. पण नियम बाजूला ठेवला तरी आरंभी सांगितलेली गोष्ट आठवावी: थंडीतला धूर वर जात नाही. तो विषारी धूर शेजारच्या घरातील दम्याच्या म्हाताऱ्याच्या आणि पाळण्यातील मुलाच्या छातीत जातो. शेकोटी करावी, जरूर करावी. तिच्याभोवती जेवढी गावकी जमते तेवढी कोणत्याही सभेत जमत नाही. पण ती सुक्या लाकडाची करावी आणि निजण्यापूर्वी पाणी ओतून विझवावी. कचरा ओला-सुका वेगळा करून द्यावा. फुटकी काच कागदात गुंडाळून द्यावी. आपण पांघरुणात असताना ज्या सफाई कामगार भगिनी गार पाण्यात हात घालतात, त्यांच्या हातांची एवढी काळजी आपण घेऊ शकतो.

राहिली सर्वांत अवघड गोष्ट. दिवाळी आटोपली की सातपुड्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातकडे निघतात आणि होळीला डोंगरात परततात. सारा हिवाळा त्यांचा परमुलखात, पालाखाली जातो. जाता-येता रात्री गाडीची वाट पाहत लहान मुले पोटाशी धरून बसलेल्या बाया आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. बेघरांच्या रात्रनिवाऱ्यासाठी २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष होता, लाख वस्तीमागे निदान शंभर माणसांची सोय. या हिशेबात आपल्यासारख्या लहान गावाच्या वाट्याला फार थोडे येते. आणि वाटेवरचा माणूस तर कोणत्याच गावच्या गणतीत धरला जात नाही. पूर्वी त्याच्यासाठी धर्मशाळा होती, देवळाचा मंडप होता, घराचा ओटा होता. आता ओट्यांना जाळ्या लागल्या.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. प्रत्येक घरी जुनी लुगडी, साड्या, धोतरे पडून असतात. आश्विनात दुपारी दोन तास एकत्र बसून आपण गोधड्या शिवाव्यात. टाका कसा घालावयाचा हे आपल्यातील वडीलधाऱ्या अजून विसरलेल्या नाहीत आणि मुलींना तो शिकविण्याचीही हीच वेळ आहे. शिवलेल्या गोधड्या दिवाळीच्या आत, म्हणजे कुटुंबे डोंगरातून निघण्यापूर्वी, त्यांच्या हाती पडाव्यात. वाटप म्हणून नको, छायाचित्रे नकोत. सासरी निघालेल्या लेकीच्या बोचक्यात आई जशी एक पांघरूण घालते, तशा द्याव्यात. ज्यांच्या मोळीवर आपली न्हाणीघरे तापली, त्यांचे आपल्याकडे तेवढे येणे आहे.

पालिकेने दिवा लावावा, रस्ता झाडावा, आणि ती ते करते की नाही यावर आपण लक्ष ठेवावे. पण माणसाच्या अंगावर पांघरूण आहे की नाही, हे पाहणे कोणत्याही कायद्याच्या कलमात बसत नाही. ते काम थंडीच्या आरंभी करावयाचे असते. यंदा आश्विनाच्या पहिल्या मंगळवारी मी सुई-दोरा घेऊन मंडळाच्या खोलीवर येऊन बसणार आहे. ज्यांना जमेल त्यांनी एकेक जुने लुगडे घेऊन यावे.