रानात उतरलेला वाडा

रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा देवळाली प्रवरापर्यंत येते, ती सगळी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाने घडलेल्या मुलखातून. घाटघरला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर राहुरीकडे जेमतेम 500. उत्तर नगरच्या या मुलखात कमी खर्चात उघड्यावर राहायचे म्हटले, की आज भंडारदरा जलाशयाच्या काठचे तंबू आठवतात. पण ही रीत धनगरांच्या वाड्यांनी, म्हणजे मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या बिऱ्हाडांच्या तांड्यांनी, कितीतरी आधी घडवली, आणि तिची स्वस्ताई सामान कमी असण्यात नव्हती, ती देवाणघेवाणीत होती. पर्यटक जागेचे पैसे मोजतो. धनगराला मात्र रानात उतरण्याबद्दल शेतकरीच धान्य देई. कारण जमिनीत आहे. बेसाल्ट झिजून झालेली काळी माती ओल धरते, पण तिच्यात नत्र आणि सेंद्रिय कर्ब कमी. पिके निघाल्यावर रात्रभर मेंढ्या बसवल्या, की लेंडीखत आणि मूत जागच्या जागी मुरते. गाडीभाड्याचा खर्चच नाही.

मुक्कामाची मांडणीही तशीच नेटकी. बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादून, कोकरे नि कोंबड्या वर बसवून थेट पुढच्या तळावर जात; गडी कळप चारत मागून येत. तीन दगडांची चूल, मेंढ्यांभोवती वाघर म्हणजे जाळ्याचे कुंपण, अंगावर घोंगडी. चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेली ही घोंगडी अंथरूण, पांघरूण आणि पावसातला आडोसा, तिन्ही कामे करी. दख्खनी मेंढीला अतिवृष्टी सोसत नाही, म्हणून पावसाळा पठारावर काढायचा आणि नंतर कित्येक वाड्यांनी घाट उतरून कोकणातली भातकापणी झालेली खाचरे गाठायची, हा हिशेब सुरुवातीला सांगितलेल्या पावसाच्या तफावतीवरच बसवलेला.

कोणी म्हणेल, पोटासाठीच्या वणवणीला सहलीच्या पंक्तीत बसवणे अन्यायाचे आहे. हाल होतेच, बाळंतपणेही तळावर होत. ते झाकण्याचे कारण नाही. पण गरजेपोटी मिळवलेले ज्ञान म्हणून कमी दर्जाचे ठरत नाही. भंडारदरा धरण 1926 साली पुरे झाले, कालव्यांवर ऊस वाढला, रासायनिक खत आले, तेव्हा ही रीत संपायला हवी होती, असाही आक्षेप येईल. उसाने मोकळी राने कमी केली हे खरे. तरीही शेतकरी आजही मेंढ्या बसवून घेतात, म्हणजे त्या खताची किंमत त्यांना कळते. प्रवराकाठच्या इतिहासात धरण आणि साखर कारखाने ठळकपणे येतात, वाडे येत नाहीत. आपल्या रानात वाडा कुठे उतरे, एका रात्रीला किती धान्य दिले जाई, हे घरातल्या म्हाताऱ्यांना आत्ताच विचारून लिहून ठेवा.