प्रिंटर्स रो

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शिकागो शहराचा, छापखान्यांच्या इमारतींत घरे वसविलेला एक जुना विभाग. डिअरबॉर्न मार्गावरील येथील डोनह्यू इमारत १८८३ मध्ये उभी राहिली. १८८५ मध्ये मार्गाच्या दक्षिण टोकास रेल्वेस्थानक झाले. कागद आणणे व छापील माल देशभर धाडणे सुकर होऊन मुद्रक आणि पुस्तकबांधणी करणारे येथे एकवटले. यंत्रांचा भार व हादरे सोसणारे भक्कम मजले, खिळे जुळविणाऱ्यांना भरपूर उजेड देणाऱ्या मोठ्या खिडक्या अशी या इमारतींची घडण होती. पुढे मोठ्या मुद्रणसंस्था अधिक प्रशस्त जागी गेल्या. १९७१ मध्ये स्थानकातील लांब पल्ल्याची प्रवासी वाहतूकही थांबली व अनेक मजले ओस पडले. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस वास्तुविशारद हॅरी वीझ व इतरांनी इमारती न पाडता त्यांत घरे काढण्यास आरंभ केला. छापखान्यासाठी केलेली भक्कम, उजेडाची बांधणी, काहीशी अनपेक्षितपणे, घरांनाही सोयीची ठरली. मुद्रणव्यवसाय मात्र परतला नाही. फ्रँकलिन इमारतीतील रहिवासी आजही ज्या प्रवेशद्वारातून ये-जा करतात, त्यावर ऑस्कर ग्रॉस याने रेखाटलेले, गूटेनबेर्क बायबलचा पहिला छाप दाखविणारे रंगीत फरश्यांचे चित्र आहे.