दडपशाहीतून स्वीडिश टेक्नो जन्मला का?

१९९६. स्टॉकहोम. विशीत पाऊल टाकणारा अ‍ॅडम बायर ‘ड्रमकोड’ हे टेक्नो संगीताचे लेबल सुरू करतो. त्याच वर्षी तेथील पोलीस रात्रभर चालणाऱ्या नृत्यमेळाव्यांसाठी, म्हणजे रेव्हसाठी, खास पथक नेमतात. शहरालगतच्या ‘डॉकलँड्स’ या रेव्हच्या ठिकाणावर धाडही पडते.

कायदा पोलिसांच्या बाजूने होता. अमली पदार्थांचे सेवन हाच तेथे १९८८ पासून गुन्हा. १९९३ मध्ये त्याला तुरुंगवास जोडला गेला आणि संशयावरून रक्त-लघवी तपासण्याची मुभा मिळाली. शिवाय सार्वजनिक नृत्याला परवाना लागे! नाचायलाही.

म्हणून दडपशाहीतूनच हे संगीत जन्मले, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. बायरच्या तबकड्या १९९६ पूर्वीच निघू लागल्या होत्या. एवढे मात्र खरे, की मेळावा बंद पाडता येतो. बारा इंची तबकडी टपालाने परदेशी जाते.

आणि या तबकड्या प्रवासासाठीच घडल्यासारख्या आहेत. बायर, कारी लेकेबुश, जोएल मुल यांच्या त्या काळच्या रचनांत गाणे नाही, चालही जवळजवळ नाही. तालाचा छोटा तुकडा वेगाने फिरत राहतो. घरी एकट्याने ऐकताना ते अपुरे वाटते (मलाही वाटले). ते अपुरेच असते: दुसऱ्या देशातला डीजे त्यावर दुसरी तबकडी चढवतो, तेव्हा ते पुरे होते.

पुढे बायर जगभर वाजवू लागला. स्वीडनमधली नृत्यपरवान्याची अट उठली २०२३ मध्ये. तेव्हा ड्रमकोड सत्तावीस वर्षांचे होते.