चाक, रस्ता आणि बर्फ



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून पुष्कळांना हसू आले असेल. ज्या शहरात वैशाखात डांबर वितळून चपलेला चिकटते, त्या शहरात बर्फावर चालणाऱ्या चाकांचा इतिहास सांगण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन असे की, चाकाचा आणि आमच्या गावाचा संबंध आता जुना झाला आहे. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला. पुढे १९९०च्या दशकात तेथेच सीएट आणि गुडइयर यांच्या भागीदारीतून टायरचा कारखाना उभा राहिला. २००१ पासून शेंद्र्याला स्कोडा ह्या चेक कंपनीच्या मोटारी जुळविल्या जाऊ लागल्या. त्या देशात दरसाल बर्फ पडते. मोटार बर्फाच्या देशात आखलेली, जोडणारे हात मात्र पैठण आणि गंगापूर तालुक्यांतले, असा हा योग आहे.

गेल्या वर्षी आमच्या युनियनच्या कचेरीत एक तरुण कामगार आला. त्याची थोरली बहीण नवऱ्यासोबत जर्मनीस गेली आहे. तिने जुनी मोटार घेतली आणि हिवाळ्याआधी टायर बदलण्याची पाळी आली. दुकानदाराने तीन मापे पुढे ठेवली. हा म्हणाला, "भाऊ, ताई विचारते कोणतं घेऊ. मी रोज चाकं बसवतो, पण मला सांगता येईना." आम्हालाही तेव्हा सांगता आले नाही. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झालेले. म्हणून सवयीप्रमाणे पुस्तके काढून बसलो आणि पाहतो तो एका टायरच्या प्रश्नामागे चार हजार वर्षे उभी!

आपल्या भागातून आरंभ करू. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद नावाचे गाव आहे. तेथे १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे खोड खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडी जुंपलेला रथ. त्या हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातील असाव्यात असे अनेक विद्वानांचे मत आहे. रथाची चाके भरीव आहेत, त्यांना आरे नाहीत. भरीव चाक मजबूत खरे, परंतु जड. आऱ्यांच्या चाकाने ते ओझे कमी केले. पुढे सुताराच्या लाकडी चाकावर लोहाराने लोखंडी धाव चढविली. लहानपणी वैजापूरकडच्या आमच्या गावी धाव चढविण्याचे काम आम्ही पाहिले आहे. गोवऱ्यांच्या आरात धाव लाल करावयाची, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवावयाची आणि लगेच पाणी ओतावयाचे. लोखंड आवळते आणि सारे चाक तुंब्याशी घट्ट होते. तीत खिळ्यापेक्षा उष्णतेच्या ज्ञानाचा भाग मोठा होता, आणि ते ज्ञान ज्यांच्यापाशी होते त्यांना कोणी विद्वान म्हटले नाही.

लोखंडी धावेचा दोष एकच. ती रस्त्याचा प्रत्येक दगड बैलाच्या मानेला आणि माणसाच्या मणक्याला कळविते. ह्या दोषावर हवा हा उपाय आहे, हे रॉबर्ट थॉमसन ह्या स्कॉटिश माणसाने १८४५ साली ओळखले व एकस्वही घेतले. परंतु मोटार नव्हती, सायकलही नव्हती. गरज जन्मण्याआधी उत्तर जन्मले आणि विसरले गेले. १८८८ साली बेलफास्टच्या जॉन डनलॉप ह्या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर पुन्हा शोधला. मधल्या काळात सायकल आली होती, म्हणून ह्या वेळी तो टिकला. तत्पूर्वी १८३९ साली चार्ल्स गुडइयर याने गंधकाबरोबर रबर तापवून ते टिकाऊ करण्याची रीत काढली होती. साधे रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होते. रबराचे हे थंडीशी असलेले वैर ध्यानात ठेवावे, कारण बर्फाच्या टायरची सारी कथा त्यातूनच निघते.

मराठवाड्यात हे हवेचे चाक सरकारी गाडीला लागून आले. निजामाच्या राज्यात १९३२ साली रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने २७ बसगाड्या सुरू केल्या. राज्य पुनर्रचनेनंतर मराठवाड्याची ती वाहतूक १९६१ साली एसटी महामंडळात विलीन झाली. शेतात तेच चाक डनलॉप गाडी म्हणून आले. आजही बीडचा ऊसतोड मजूर ज्या गाडीने ऊस ओढतो तिला टायरगाडीच म्हणतात. पुष्कळदा गाडी कारखान्याची, बैल मजुराचे आणि गाडीचे भाडे मजुराच्या हिशेबातून वजा! हवेच्या चाकाने बैलाच्या मानेचा भार हलका केला, पण त्याच बेताने खेपेचे वजन वाढविण्यात आले. यंत्राने वाचविलेले श्रम कोणाच्या खात्यावर जमा होतात, हा प्रश्न चाकाच्या इतिहासात पदोपदी भेटतो. बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाच्या खाजगी अंमलात, १८८५ ते १९०८ या काळात, काँगोतील माणसांकडून रबराची सक्तीची वसुली झाली. ती पुरी न करणाऱ्यांचे हात तोडले गेल्याची छायाचित्रे जगाने पाहिली. सायकल आणि मोटारीच्या सुखाखाली ते रक्त आहे. उलट बाजूस १९३६ साली अमेरिकेतील ॲक्रन ह्या टायरनगरीत कामगारांनी पाच आठवडे संप करून संघटनेचा पाया घातला, तेही विसरू नये.

आता बर्फाकडे वळू. मोटार बर्फात गेली तेव्हा चालकांनी प्रथम चाकाला दोर गुंडाळले. ते पाहून न्यूयॉर्क राज्यातील हॅरी वीड याने दोराऐवजी साखळीची योजना केली आणि १९०४ साली तिचे एकस्व घेतले. साखळी फार कामाची, तथापि सावकाश चालावे लागते आणि मोकळा रस्ता लागला की ती काढावी लागते. फिनलंडमध्ये रस्ते महिनोन्महिने बर्फाखाली असत. तेथील रबर कारखान्याने १९३४ साली आडव्या खोल खाचांचा, बर्फात रुतून पकड घेणारा टायर केला. बर्फाचा पहिला खास टायर तो हाच. तो मालमोटारींसाठी होता, कारण माल पोचविणे हीच खरी अडचण होती. श्रीमंतांच्या मोटारीसाठी तो दोन वर्षांनी, १९३६ साली आला. म्हणजे हा शोध मालमोटार हाकणाऱ्याच्या गरजेतून निघाला.

पुढे १९४६ साली मिशेलिन कंपनीने रेडियल टायरचे एकस्व घेतले. आजच्या टायरवर 'आर' हे अक्षर दिसते ते त्याचेच. त्या तरुणाच्या ताईपुढे असलेली मापे अशी होती : १९५/६५ आर १५, २०५/५५ आर १६ आणि २२५/४५ आर १७. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा सांगतो की टायरची बाजू रुंदीच्या शेकडा किती उंच आहे. शेवटचा आकडा लोखंडी अगर ॲल्युमिनियमच्या रिमचा व्यास, इंचात. आता हिशेब करा. १९५ चे शेकडा ६५ म्हणजे सुमारे १२७ मिलिमीटर. ते वर आणि खाली मिळून २५४, त्यात १५ इंचांचे ३८१ मिळवा. बेरीज ६३५ होते. दुसऱ्या मापाची ६३२ आणि तिसऱ्याची ६३४ येते. तिन्ही चाके बाहेरून जवळजवळ सारखीच! म्हणून वेगदर्शक काटा फसत नाही. फरक एवढाच की रिम मोठे झाले की रबराची बाजू बुटकी होते आणि टायर रुंद होतो.

मग बर्फात कोणते घ्यावे? रुंद टायर मऊ बर्फावर तरंगू पाहतो. अरुंद टायरचे वजन थोड्या रुंदीवर एकवटते, तो बर्फ कापून खालच्या कठीण थराला टेकतो. शिवाय उंच बाजू बर्फाखाली दडलेल्या खड्ड्याचा धक्का सोसते आणि लहान रिम स्वस्तही पडते. म्हणून मोटारीच्या कागदांत मान्य असलेल्या मापांपैकी सर्वांत अरुंद माप घेणे हा शहाणपणा. मात्र ब्रेकच्या तबकडीवर रिम बसले पाहिजे. कोरड्या रस्त्यावर वेगाने वळताना रुंद टायर सरस, हेही कबूल केले पाहिजे. पण मापापेक्षा रबर महत्त्वाचे. पारा सात अंशांच्या आसपास उतरला की साधा टायर कडक होऊ लागतो. हिवाळी टायरचे रबर मऊ राहील असे मिश्रण करतात आणि त्यावर असंख्य बारीक चिरा पाडतात. त्यावर तीन शिखरांचा डोंगर आणि हिमकण असे चिन्ह असते. टायर चारही बदलावेत. पुढचे दोनच बदलले तर पुढची बाजू धरते आणि मागची घसरते. जर्मनीत २०१० पासून बर्फाळ रस्त्यावर असे टायर सक्तीचे आहेत. ताईने पंधरा इंची चार चाके घेतली.

हे सारे सांगण्याचे खरे कारण मात्र दुसरेच आहे. काही वर्षांपूर्वी एक मालमोटार चालक आमच्याकडे पगाराच्या कपातीची तक्रार घेऊन आला. कार्तिकात तो काश्मिरात सफरचंदे आणावयास गेला होता. परतीच्या वाटेवर बनिहालजवळ अवेळी बर्फ पडले. गाडीचे टायर पार गुळगुळीत झालेले, निघण्यापूर्वी त्याने मालकाला ते दाखविले होते. उत्तर मिळाले, "ही खेप करून ये, मग बघू." साखळी तर गाडीत नव्हतीच. त्याने ताडपत्रीचा दोर कापून मागच्या चाकांना गुंडाळला. गाडी तरीही घसरली व डोंगराच्या बाजूस जाऊन टेकली. दरीच्या बाजूस गेली असती तर तक्रार घेऊन त्याची बायको आली असती. फळे दोन दिवस उशिरा पोचली आणि नुकसान त्याच्या पगारातून कापले गेले.

एकशेवीस वर्षांपूर्वी ज्या दोरावरून साखळीचा शोध लागला, त्याच दोरापाशी आमचा माणूस येऊन उभा राहिला होता. ज्ञान जगात होते, बाजारातही होते. फक्त त्याच्या चाकापर्यंत पोचले नव्हते. कारण टायर निवडणारा एक आणि त्यावर बसून घाट उतरणारा दुसरा. जर्मनीतल्या ताईने स्वतः निवडले, कारण स्टीअरिंगवर तीच बसणार होती. आमच्या चालकाला तो अधिकार नव्हता.

त्याची कापलेली रक्कम बऱ्याच खटपटीनंतर परत मिळाली. त्यानंतर आम्ही आमच्या मागण्यांच्या यादीत एक कलम घातले : गुळगुळीत टायरवर गाडी नेण्यास चालकाने नकार दिला तर त्याची मजुरी कापू नये, आणि हिमप्रदेशाच्या खेपेला साखळी मालकाने द्यावी. काही मालकांनी ते मान्य केले, काहींनी अद्याप नाही. व्याख्यानातून ते कलम मान्य होणार नाही, हे आम्ही जाणतो. तरीपण आपणांपैकी जे गाड्यांचे मालक असतील त्यांनी घरी जाताना आपल्या गाडीच्या टायरवर एकदा बोट फिरवून पाहावे, आणि जे चालक असतील त्यांनी ते उद्या निघण्यापूर्वीच पाहावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.