हिराबाई–सरस्वतीबाई यांची जुगलबंदी : एका सहगायनाचा पूर्वेतिहास

'जुगलबंदी' हा शब्द आज संगीताच्या व्यवहारात इतका रुळला आहे की, त्याच्या घडणीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. संस्कृत 'युगल' शब्दातील आद्य 'य'चा प्राकृतात 'ज' झाला आणि 'जुगल' हे रूप सिद्ध झाले. त्याला 'बांधणे' या अर्थाच्या फारसी धातूपासून आलेला 'बंदी' हा प्रत्यय लागला. नाकेबंदी, तटबंदी, हद्दबंदी या शब्दांतून मराठीला तो चांगला परिचित आहे. दोन कुळांतील घटकांनी मिळून झालेला हा शब्द हिंदुस्थानी संगीताच्या स्वभावाला साजेसाच म्हटला पाहिजे. याउलट 'द्वंद्वगीत' हा शब्द शुद्ध संस्कृत असूनही त्यात एक पेच आहे. व्याकरणात द्वंद्व म्हणजे दोन्ही पदे समान महत्त्वाची असलेला समास. व्यवहारात मात्र द्वंद्व म्हणजे झुंज. दोन गायक एका बैठकीवर बसले म्हणजे त्यांच्यातील नाते समासाचे की झुंजीचे, हा प्रश्न या एका शब्दातच दडलेला आहे.

हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे या भगिनींनी १९६५ पासून १९८० पर्यंत जाहीर मैफलींतून जुगलबंदी गाइली आणि 'हिज मास्टर्स व्हॉइस'ने या जोडीचे गायन ध्वनिमुद्रिकांद्वारे प्रसिद्ध केले. हिंदुस्थानी ख्यालगायनात दोन स्त्रियांनी बरोबरीच्या नात्याने मैफल मांडण्याची ही अगदी आरंभीची उदाहरणे होत. पुरुषांच्या जोड्या त्यापूर्वीही होत्या. एकोणिसाव्या शतकातील ग्वाल्हेरचे हद्दू खाँ व हस्सू खाँ हे बंधू, विसाव्या शतकातील मोईनुद्दीन व अमीनुद्दीन डागर, नजाकत अली व सलामत अली ही नावे सर्वश्रुत आहेत. दक्षिणेकडे वीणा धनम्मल यांच्या नाती बृंदा आणि मुक्ता या भगिनी कर्नाटक पद्धतीत जोडीने गात. तथापि उत्तर हिंदुस्थानी ख्यालात, विशेषतः महाराष्ट्रात, स्त्रीला एकटीला सन्मानाने बैठकीवर बसता यावे यासाठीच जिथे एक पिढी खर्ची पडली, तिथे दोघींची बैठक उभी राहण्यास वेळ लागला यात नवल नाही. म्हणून या जुगलबंदीचा इतिहास १९६५ पासून सांगू गेल्यास तो अपुरा राहतो. त्याचा आरंभ मिरजेत शोधावा लागतो.

मिरज हे कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटरवर असलेले गाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तंतुवाद्यांसाठी प्रसिद्ध झाले. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी तंबोरे व सतारी घडविण्याची कला आत्मसात केली आणि ती आजही तेथे चालू आहे. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे या गावाशी निकटचे नाते जडले. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेत प्रवासात असताना सिंगपेरुमाळकोविल या रेल्वे स्थानकावर त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचा देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. त्यांच्या स्मरणार्थ तेथे संगीतोत्सव होत आला आहे. खाँसाहेबांचा स्वराविषयीचा आग्रह केवळ गाण्यापुरता नव्हता. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरील आपला ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध केला, त्यामागील प्रयोगांत खाँसाहेबांच्या कानाचा व कंठाचा आधार घेतलेला होता. स्वर अंतरांनी मोजता येतो, पण तो आधी ऐकावा लागतो, ही जाण या घरात मुरलेली होती.

याच घरात हिराबाईंचा जन्म १९०५ मध्ये आणि सरस्वतीबाईंचा १९१३ मध्ये झाला. आई ताराबाई माने या बडोद्याच्या राजघराण्याशी संबंधित सरदार घराण्यातील. त्यांच्या पाच अपत्यांची नावे पाहिली तर एका कुटुंबाचा इतिहास नामविज्ञानाच्या अंगाने उलगडतो. अब्दुल रहमान हे पुढे सुरेशबाबू माने झाले, चंपाकली या हिराबाई बडोदेकर झाल्या, गुलाब या कमलाबाई बडोदेकर झाल्या आणि सकीना, घरातल्या छोटूताई, या विवाहानंतर सरस्वतीबाई राणे या नावाने प्रसिद्धीस आल्या. दुसरे बंधू कृष्णराव माने. १९२२ च्या सुमारास ताराबाई पतीपासून विभक्त झाल्या आणि मुलांना घेऊन स्वतंत्र राहिल्या. मुलांची सार्वजनिक नावे पित्याकडून आली नाहीत. ती मातुल घराण्यावरून, आईच्या गावावरून अथवा विवाहावरून आली. गायनाचा वारसा मात्र किराण्याचाच राहिला. नाव आणि नाद यांच्या वाटा अशा फुटलेल्या कुटुंबात 'घराणे' या शब्दाचा नेमका अर्थ काय करावा, हा प्रश्न घराण्यांचे इतिहास लिहिणाऱ्यांनी फारसा विचारलेला दिसत नाही.

सुरेशबाबू (१९०२–१९५३) हे या भावंडांचे खरे अध्यापक. हिराबाईंना त्यांच्याखेरीज किराण्याच्या अब्दुल वहीद खाँ यांची तालीम मिळाली. १९२१ मध्ये मुंबईस गांधर्व महाविद्यालयाच्या संगीतसमारंभात त्या प्रथम लोकांपुढे गाइल्या. पुढे तिकीट लावून होणाऱ्या जाहीर मैफली त्यांनी केल्या आणि त्या करणाऱ्या पहिल्या स्त्रीगायिका म्हणून त्यांचा उल्लेख होतो. या तिकिटाचे महत्त्व आज सहजी ध्यानात येणार नाही. खासगी बैठकीत गाणारी स्त्री यजमानाच्या मर्जीवर अवलंबून असे. तिकीट काढून आलेला श्रोता मात्र यजमान नसतो. तो गाण्याची किंमत देतो आणि खुर्चीवर बसतो; त्याला फर्माईश करता येते, पण मालकी सांगता येत नाही. हिराबाईंच्या साध्या, संयत वागण्याने या व्यवहाराला जी प्रतिष्ठा आली तिचा लाभ त्यांच्यामागून आलेल्या सर्वच गायिकांना मिळाला.

ताराबाईंनी पुण्यास चालविलेल्या नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा १९२९ मध्ये निघाली आणि ही भावंडे रंगभूमीवर आली. स्त्रियांनी रंगभूमीवर येणे ही गोष्ट सर्वस्वी नवी नव्हती. बेळगावकर स्त्रियांची संगीत मंडळी त्यापूर्वीची आहे. परंतु स्त्रीभूमिका पुरुषांनीच गाजवाव्या हा संकेत बालगंधर्वांच्या यशाने अधिकच दृढ झालेला असता, कुलीन समजल्या जाणाऱ्या प्रेक्षकांपुढे पुरुषांच्या जोडीने स्त्रियांनी उभे राहणे हे धाडसच होते. मंडळी कर्जात गेली आणि तो भार पुढे हिराबाईंच्या मैफलींवर पडला. मात्र रंगभूमीने या दोघी बहिणींना एक गोष्ट शिकविली असावी, ती म्हणजे दुसऱ्याच्या पदाला जागा ठेवणे. नाटकातील गायिकेला आपले पद संपल्यावर रंगमंचावरच थांबून दुसऱ्याचे ऐकावे लागते.

सरस्वतीबाईंची वाटचाल थोरल्या बहिणीच्या सावलीत झाली असे म्हणण्याची प्रथा आहे. ती तितकीशी न्याय्य नाही. सुरेशबाबू आणि हिराबाई यांच्याकडील शिक्षणानंतर त्यांनी जयपूर घराण्याचे नत्थन खाँ, ग्वाल्हेर परंपरेतील प्रा. बा. र. देवधर आणि मास्टर कृष्णराव यांच्याकडून विद्या घेतली. १९३३ पासून त्या नभोवाणीवर गाऊ लागल्या. आचार्य अत्रे यांच्या 'पायाची दासी' (१९४१) या चित्रपटासाठी त्यांनी पार्श्वगायन केले. 'रामराज्य' (१९४३) या हिंदी चित्रपटातील त्यांचे भीमपलासी रागातील वीणेवरचे गीत देशभर गाजले. त्याचे संगीत-दिग्दर्शक शंकरराव व्यास हे मूळचे कोल्हापूरचे. म्हणजे जुगलबंदीच्या बैठकीवर धाकटी बहीण आली ती रिकाम्या हाताने नव्हे. किराण्याच्या पायावर तिने इतर घराण्यांचे काही घेतलेले होते आणि ध्वनिक्षेपकापुढे थोडक्या वेळात गाणे मांडण्याचा तिला दीर्घ सराव होता.

१९६५ मध्ये हिराबाई साठ वर्षांच्या, सरस्वतीबाई बावन्न वर्षांच्या. त्याच वर्षी हिराबाईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पद्मभूषण पुढे १९७० मध्ये. कीर्तीच्या या टप्प्यावर आपली बैठक दुसऱ्या आवाजाशी वाटून घेण्याची हिराबाईंना गरज नव्हती. वयोमानाने दमसास कमी होतो, म्हणून दुसरा आवाज सोबतीला आला, असे स्पष्टीकरण सुचणे साहजिक आहे. परंतु त्यासाठी मागे तंबोऱ्यावर बसून साथ करणारी शिष्या पुरली असती. शिष्येने गुरूच्या मागे बसून स्वर भरणे ही आपली रूढ रीत आहे. सरस्वतीबाई हिराबाईंच्या शिष्याही होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे मागची जागा सोडून शेजारची जागा देण्यातील वेगळेपण उमगते. नाव दोघींचे, बैठक एक आणि षड्ज एक.

या एका षड्जाला तांत्रिक महत्त्व आहे. स्त्री व पुरुष यांच्या जोडीत स्वरपट्टीची अडचण येते आणि तिच्यावर तोड काढण्यासाठी मूर्च्छनेच्या युक्त्या योजाव्या लागतात. दोन स्त्रियांना ती अडचण बेताची. उलट दोन जवळच्या आवाजांत निराळीच कसोटी असते. एकच स्वर दोघींनी लावला आणि त्यात किंचित जरी फरक राहिला, तर दोन नादांच्या मिश्रणातून कंप उत्पन्न होतो आणि तो अजाण श्रोत्यालाही जाणवतो. पाश्चात्त्य परंपरेत दोन गायिका बहुधा वेगवेगळे स्वर एकाच वेळी धरतात आणि त्यांच्या संवादातून सौंदर्य निर्माण होते. ख्यालात तो संवाद गायकांच्या दोन आवाजांत नसून प्रत्येक आवाजाचा तंबोऱ्याशी असतो. म्हणून येथे सहगायन म्हणजे बहुतांशी आळीपाळीने गाणे, आणि एकत्र येणे होते ते मुखड्यावर, समेवर किंवा तारषड्जावर. तो क्षण येईपर्यंत एकीने थांबायचे असते.

कोल्हापूरच्या श्रोत्याला येथे एक तुलना सुचल्यावाचून राहणार नाही. छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) कोल्हापुरास स्थायिक झाले, आणि १८८३ मध्ये स्थापन झालेल्या गायन समाज देवल क्लबासारख्या संस्थांमुळे या नगराचा कान जयपूर गायकीवर घडला. खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या दोघीही थोर गायिका. एका गुरूची विद्या त्यांना लाभली, परंतु त्यांची ओळख आपापल्या स्वतंत्र मैफलींनीच झाली. याचे कारण केवळ व्यक्तिस्वभावात शोधणे पुरेसे नाही. जयपूरच्या गायकीत स्वरवाक्य लयीशी गुंफलेले असते. वक्र चलनाचा एक धागा उचलला की तो समेपर्यंत त्याच कंठाने न्यावा लागतो. मध्येच तो दुसऱ्याच्या हाती दिला तर वीण उसवते. किराण्याची बढत स्वरास्वराने होते. गांधारावर एकीने विसावा घेतला की दुसरीला मध्यमाचा दरवाजा उघडता येतो. जुगलबंदीला अनुकूल अशी भूमी या गायकीत आधीपासून होती. अर्थात अनुकूल भूमी असली म्हणजे पीक येतेच असे नाही. अब्दुल करीम खाँ यांच्या शिष्यपरिवारात सवाई गंधर्वांसारखे मोठे गायक होऊनही हे पीक आले ते दोन बहिणींच्या हातून.

ध्वनिमुद्रिकेचा भाग आता पाहावा. हिराबाईंच्या आरंभीच्या काळातील अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. त्या अवकाशात एका गायिकेचा ख्यालही चिमटीत धरावा लागे, दोघींच्या आलापाचा तर प्रश्नच नव्हता. मिनिटाला तेहतीस व एकतृतीयांश फेऱ्यांची दीर्घ तबकडी आल्यावर एका बाजूस वीसेक मिनिटे मिळू लागली. जुगलबंदीला जे लागते ते थांबणे, पुन्हा उचलणे, दुसरीने म्हटलेले किंचित बदलून परत देणे, एवढ्या वेळात प्रथमच मावू लागले. म्हणून या भगिनींची जुगलबंदी ही ज्या अर्थाने किराण्याची आणि माने कुटुंबाची, त्याच अर्थाने दीर्घ तबकडीच्या युगाचीही निर्मिती आहे. मात्र तबकडीवर डोळ्यांना दिसणारे काही येत नाही. थोरलीने मानेने दिलेली खूण, धाकटीने घेतलेली परवानगी, हे मैफलीतच राहिले. दोन्ही आवाज एकाच घराण्याचे व एकाच तालमीचे असल्यामुळे कोणता आलाप कोणाचा, हे ओळखण्यात जाणकारही क्वचित घोटाळतात.

दोघींनी आळीपाळीने गाण्याची ही रीत महाराष्ट्रात ख्यालाआधी फार जुनी आहे. जात्याच्या एका खुंट्याला धरून समोरासमोर बसलेल्या दोन स्त्रिया ओवी गातात, तेव्हा एकीने आरंभलेली ओवी दुसरी उचलते, आणि दगडाच्या घरघरीतून दोघींना एक अखंड आधारस्वर मिळतो. ख्यालाच्या जुगलबंदीचा उगम जात्यात आहे असे सुचविण्याचा येथे हेतू नाही, तसा पुरावाही नाही. परंतु महाराष्ट्रीय श्रोत्याला दोन स्त्रियांचे सहगायन परके वाटले नाही, याच्या कारणांत या सवयीचाही समावेश करावा लागेल. पुण्यास या जात्यावरच्या ओव्यांचा मोठा संग्रह गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी केला. त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. ख्यालाच्या अभ्यासकांनी त्याकडे अद्याप पुरेसे वळलेले नाही.

हिराबाईंचे निधन १९८९ मध्ये झाले आणि सरस्वतीबाईंचे २००६ मध्ये, म्हणजे जुगलबंदी थांबल्यानंतर धाकट्या बहिणीला पंचवीसहून अधिक वर्षांचे आयुष्य लाभले. ग्रंथालयांत व संग्रहांत ध्वनिमुद्रिकांची सूची आडनावाच्या वर्णानुक्रमाने केली, तर हिराबाई 'ब'खाली, सरस्वतीबाई 'र'खाली, सुरेशबाबू 'म'खाली आणि अब्दुल करीम खाँ 'अ'खाली जातात. जोडीची तबकडी बहुधा पहिल्या नावाखाली, म्हणजे बडोदेकरांच्या ओळीत ठेवली जाते आणि सरस्वतीबाईंचे नाव शोधणाऱ्याला ती सापडत नाही. सूचिकाराने अशा तबकडीसाठी दोन्ही नावांखाली नोंद करून परस्परनिर्देश द्यावा आणि शक्य तेथे सुरेशबाबूंच्या नोंदीशीही तिचा संबंध दाखवावा.