वारीच्या वाटेवरचं पायताण

वैशाख सरत आला की आपल्या गटांच्या बैठकीत हप्त्यांच्या आधी एकच विषय निघतो, यंदा वारीला कोण कोण चाललंय. मग पिशवीत काय घ्यायचं याची यादी होते. शेंगदाण्याची चटणी, अंगावर घ्यायचा प्लास्टिकचा कागद, टॉर्च, दोन लुगडी, गोळ्या. पायात काय घालणार, हे मात्र कुणी बोलत नाही. निघायच्या आदल्या बाजारी जाऊन शंभर-सव्वाशेचा स्लिपरचा जोड घ्यायचा, की झालं. काहीजणी तर मुलाच्या टाकून दिलेल्या चपला घालून निघतात. इतकी चाल, आणि सगळ्यात शेवटी आठवण पायांची.

पैसे नसतात म्हणून असं होतं, असं आपण म्हणतो. ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. बाईच्या पायात काय असावं आणि मुळात काही असावं की नाही, हे आपल्याकडे फार काळ दुसऱ्यांनी ठरवलं. म्हणून आज आम्ही पायताणाचा इतिहास सांगणार आहोत.

सुरुवात पालखीपासूनच करू. पालखीत असतात पादुका. तुकाराम महाराजांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 साली पादुका पालखीत ठेवून हा सोहळा सुरू केला, असं मानलं जातं. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा सोहळा स्वतंत्र केला. ते शिंदे सरकारांच्या पदरचे सरदार. लष्करात वावरलेल्या माणसाने दिंड्यांना शिस्त लावून दिली. रथापुढे कोण, रथामागे कोण, हे आजही त्याच वळणाने चालतं. वारीत भेटलेला प्रत्येकजण दुसऱ्याच्या पाया पडतो. लहान-थोर बघत नाही. म्हणजे अख्ख्या सोहळ्यात मान आहे तो पायांना. आळंदीहून पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, जवळजवळ वीस दिवसांची चाल. त्यात पुण्याहून सासवडचा टप्पा तीस किलोमीटरच्या वर, दिवे घाट चढून जायचा. मान पायांना, आणि सगळा भारही पायांवरच.

आता पायताण करत कोण होतं ते बघू. जुन्या गावगाड्यात मेलेलं जनावर ओढायचं काम महार समाजावर लादलेलं, कातडं कमवायचं काम ढोर समाजाचं आणि त्याच्या वहाणा, मोटा, चाबूक करायचं काम चांभाराचं. बदल्यात सुगीला बलुतं म्हणून धान्य मिळायचं. कातड्याशिवाय शेती चालत नव्हती. विहिरीचं पाणी वर यायचं तेच चामड्याच्या मोटेतून. पण ज्यांच्या हातून हे सगळं व्हायचं, त्यांना गावाने शिवून घेतलं नाही. पुष्कळ गावांत दलित माणसाने वरच्या जातीच्या माणसासमोरून जाताना पायातलं काढून हातात घ्यायचं, अशी रीत होती. पंढरपुरात चोखोबांना देवळात जाऊ दिलं नाही. त्यांची समाधी महाद्वारापाशी, नामदेव पायरीच्या समोर आहे. ते देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. तोवर जोडे देवळाबाहेर ठेवायचे, आणि जोडे करणारा माणूसही बाहेरच.

बायकांचंही एक वेगळं बाहेर होतं. आपल्या भागातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून बघा. चावडीसमोरून जायचं झालं की पायातलं काढून हातात घ्यायचं, डोईवरचा पदर पुढे ओढायचा आणि पुढे गेल्यावर परत घालायचं. सासऱ्यांसमोर तर पायात काही दिसताच कामा नये. बऱ्याचजणींकडे काढून हातात घ्यायलाही काही नव्हतं. बलुत्याच्या वहाणा घरच्या गड्यांना यायच्या, बाई रानात अनवाणी. आणि बाई दलित असली तर दोन्ही बंधनं एकाच पायांवर.

शहरात वेगळं होतं असं समजू नका. 1880 च्या दशकात काशीबाई कानिटकर आणि आनंदीबाई जोशी यांनी पायात जोडे घालून, हातात छत्री धरून रस्त्यावर पाऊल टाकलं, तर लोकांनी त्यांना दगड मारले, असं स्त्रियांच्या लेखनाच्या इतिहासात नोंदलेलं आहे. ह्याच आनंदीबाई पुढे अमेरिकेला जाऊन डॉक्टर झाल्या. दगड कशासाठी? तर जोडा आणि छत्री ही पुरुषाची मिजास, ती बाईने कशी केली म्हणून. आपण आज ऊन लागलं की छत्री उघडतो, चिखल दिसला की चप्पल घालतो. तेवढ्यासाठी कुणीतरी मार खाल्लेला आहे.

मग कुणी विचारेल, जुन्या काळी बायका अनवाणीच वारी करायच्या, त्यांचे पाय कसे टिकले? त्याचं उत्तर रस्त्यात आहे. तेव्हा वाट मातीची होती. माती पायाखाली दबते, दुपारी तापली तरी झाडाखालची गार असते. काटे मोडायचे, पाय चिरायचे, सगळं व्हायचं. त्या पायांची कहाणी कुणी लिहून ठेवली नाही, म्हणून ते सुखात होते असं समजायचं कारण नाही. पण पाय मातीला सरावलेला होता. पुढे खडी आली, डांबर आलं, आता सिमेंट. पालखी मार्गाच्या मोठ्या रस्त्यांची पायाभरणी नोव्हेंबर 2021 मध्ये झाली. चालणाऱ्यांसाठी कडेला वेगळी वाट त्यात धरलेली आहे, ही चांगली गोष्ट. पण डांबर आणि सिमेंट दबत नाही. प्रत्येक पावलाचा दणका टाचेला, गुडघ्याला आणि कमरेला बसतो. पावसाने ओढ दिली तर लोणंद, तरडगाव, फलटणचा आपला पट्टा किती तापतो, ते आपल्याला कुणी सांगायला नको. मातीवरच्या पायांची परंपरा डांबरावर तशीच चालवता येत नाही.

पुढे विहिरीवर इंजिनं आली, विजेचे पंप आले, मोट गेली. तिच्याबरोबर चांभाराचं निम्मं काम गेलं. बाजारात ट्रकच्या जुन्या टायरच्या चपला आल्या. दणकट, वर्षानुवर्षं न झिजणाऱ्या, पण वजनाला जड आणि खिळा वर आला की टाच फोडणाऱ्या. मग आली रबरी स्लिपर, तिला आपण हवाई चप्पल म्हणतो. तिला आम्ही नावं ठेवणार नाही. स्वस्त होती, धुता येत होती, आणि कितीतरी बायांच्या आयुष्यातलं स्वतःच्या मालकीचं पहिलं पायताण तीच होती. पण ती अंगणात आणि रानाच्या बांधापर्यंत ठीक. वीस-वीस किलोमीटर रोज चालायला ती केलेलीच नाही. मागे पट्टा नसल्यामुळे ती पायात राहावी म्हणून बोटं प्रत्येक पावलाला आवळावी लागतात. संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात, त्याचं एक कारण हे. अंगठ्याजवळचा पट्टा ओला झाला की बेचकी सोलवटतो. आणि तो पट्टा उपसला की आपण खालून सेफ्टी पिन लावतो. ती पिन दिवे घाट चढू देईल का, ते तुम्हीच सांगा.

कोल्हापुरीबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बाभळीची साल, हिरडा, चुना वापरून कमावलेलं कातडं, खिळा नाही, चामड्याच्याच वादीने शिवलेलं. 2019 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. तिची वेणी घालणं, शिवण घालणं ही कामं पुष्कळशी बायका घरात बसून करतात. कर्नाटकातल्या अथणीत ह्या बायांनी आपल्यासारखेच बचत गट केले आणि माल स्वतः विकायला सुरुवात केली. जून 2025 मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने अशाच चपला फॅशनच्या कार्यक्रमात मिरवल्या, आधी कोल्हापूरचं नावही न घेता, तेव्हा केवढा गवगवा झाला. त्या गडबडीत वेणी घालणाऱ्या बाईला जोडामागे काय मिळतं, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही.

कोल्हापुरी जरूर घ्या, लग्नाला घाला, गटाच्या मेळाव्याला घाला. पण आषाढाच्या वारीला नको. भिजली की तिचा तळ फुगतो, शिवण सैल होते, आणि ओलं कातडं चावायला लागतं.

मग घ्यायचं काय? आमच्या गटांतल्या वारी करणाऱ्या बायांनी चालून चालून जे ठरवलं, ते सांगतो. मागे टाचेला पट्टा असलेली सँडल. पट्टा बकलाचा असला तर उत्तम. चर्र करून उघडणारी पट्टी चिखल भरला की धरत नाही. तळ जाड पण हलका, खाली खाचा असलेला. अंगठ्याची बेचकी नसलेली असली तर अधिक बरं. बूट पाऊस लागला की दिवसभर ओलेच राहतात, आणि पुढून बंद असल्यामुळे जोडवी आत रुततात. जोडव्यांचा विचार दुकानदार करत नाही, आपल्यालाच करावा लागतो. सँडलचा आडवा पट्टा नेमका जोडव्यावर येत असेल, तर ती कितीही छान दिसली तरी ठेवून द्या. बायकांच्या म्हणून विकतात त्या सँडल पुढे निमुळत्या आणि टाचेला उंच. आपले पाय रानात पसरलेले, चवड्याला रुंद. सरळ गड्यांच्या फळीवरची मागा. दुकानदार हसला तर हसू द्या. दगड खाणाऱ्या बायांपुढे हसण्याचं काय.

घ्यायला जायचं ते संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय सुजतो. बसून नाही, उभं राहून बघायचं. टाच मागे आणि बोटं पुढे तळाच्या बाहेर जाता कामा नयेत. आणि कमीत कमी महिनाभर आधी. नवं पायताण वारीत पहिल्यांदा घालायचं नसतं. पाणंदीने, रस्त्याने रोज थोडं थोडं चालून ते आपल्या पायाचं करायचं. कुठे लागतंय ते गावातच कळतं.

काहीजणींचा अनवाणी चालायचा नवस असतो. त्याला आम्ही नको म्हणणार नाही, तो तुमचा आणि विठ्ठलाचा व्यवहार आहे. पण साखरेचा आजार असेल, तर एवढं ऐका. त्या आजारात पायाची जाणीव कमी होते. काच घुसली तरी कळत नाही, आणि जखम भरायला फार दिवस लागतात. देवाच्या पादुका पालखीतून नेतो आपण. आपल्या पायात काही असलेलं त्याला चालणार नाही, असं आम्हाला तरी वाटत नाही.

फोड आला तर वरची कातडी ओढून काढू नका, स्वच्छ ठेवा, झाकून ठेवा. मुक्कामाला पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, नाहीतर चिखल्या होतात. पंढरपूरहून परत आल्यावर गड्याला दोन दिवस विसावा मिळतो. आपण दुसऱ्या दिवशी खुरपं घेऊन ओल्या रानात असतो, त्याच फोडलेल्या पायांनी. तिथेच जखम चिघळते, आणि मग मजुरी बुडते ती वेगळी. पाचशे-सातशेची सँडल महाग वाटते तेव्हा हा बुडालेला रोजही हिशोबात धरा.

म्हणून आमच्या काही गटांनी यंदा वारीच्या पायताणासाठी अंतर्गत कर्ज द्यायचं ठरवलं आहे, तीन हप्त्यांत फेडायचं. ठराव मांडला तेव्हा एकजण म्हणाली, चपलेसाठी कुठे कर्ज असतं का. शेजारची म्हणाली, बैलाला पत्री मारायला असतं की.

वारीत ठिकठिकाणी चर्मकार बांधव बसलेले असतात, पैसे न घेता चपला शिवून देतात. पट्टा थोडा उसवला की तेव्हाच त्यांच्याकडे जा, तुटेपर्यंत ओढत नेऊ नका. सोबत जाड दोरा आणि दाभण असू द्या. आणि आमच्याबरोबर खरेदीला यायचं असेल, तर येत्या बाजारी चारनंतर स्टँडवर जमायचं आहे. जोडवी घालूनच या.